पाणाड्याची परीक्षा घेताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की आमच्या औसा भागात दोन गाड्यांना उसंत नसते, टँकरला आणि बोअरच्या मशीनला. मशीनच्या आधी पाणाडी, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणारा, येऊन गेलेला असतो. हातात कडुलिंबाची बेचकी, नाहीतर तळहातावर नारळ. नारळ उभा राहिला की चुन्याची फुली मारायची, झाला पॉइंट. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला तर बेचकीही लागत नाही म्हणतात. मग कुणाचा तरी बोअर फेल जातो, चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघतो, आणि पारावर कुणीतरी चिडून म्हणतो, "सिद्ध करून दाखव, पन्नास हजार देतो!" त्यानंतर भांडण होतं, चहा होतो, आणि जो तो आपलं मत घेऊन घरी जातो.

मीही असं एक आव्हान दिलं होतं, आणि चाचणीची पार माती केली. म्हणून हे लिहितोय.

बक्षिसाची ही रीत जुनी आहे. चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला बक्षीस, असं श्रीलंकेत अब्राहम कोवूर या विवेकवाद्यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपयांचं आव्हान दिलं. आपल्याकडे बी. प्रेमानंद यांनी ते पुढं चालवलं. अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगारानं १९६४ मध्ये स्वतःच्या खिशातल्या हजार डॉलरपासून सुरुवात केली, १९९६ मध्ये ती रक्कम दहा लाख डॉलर झाली आणि २०१५ मध्ये ते आव्हान बंद झालं. हजारावर लोकांनी अर्ज केले, पहिली फेरीसुद्धा कुणी पार केली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) एकवीस लाखांचं आव्हान तर आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातलं आहे.

दावा त्याचा, परीक्षा तुमच्या मनची

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी केलेली पहिली. शाळेच्या मैदानावर वीस लिटरचे दहा कॅन मांडले, एकात पाणी, नऊ रिकामे, सगळ्यांवर गोणपाट. तात्यांना म्हटलं, ओळखा. तात्या आमच्या पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडी, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. ते सरळ म्हणाले, "सर, मी जमिनीतलं चालतं पाणी बघतो. कॅनमधलं पाणी बघायला बेचकी कशाला लागती?"

बरोबरच होतं त्यांचं. ज्याचा दावाच नाही ती गोष्ट तपासली, तर नापास कोण झालं म्हणायचं? आधी त्याच्याकडूनच वदवून घ्या: पाणी चालतं की साठलेलं, किती खोलीवर, मध्ये पत्रा किंवा लोखंड आलं तर चालतं का, दहा वेळांत किती वेळा बरोबर येतं. त्याच्याच शब्दांत लिहा आणि वाचून दाखवा.

१९९० मध्ये जर्मनीत कासेलला तीस पाणाड्यांची चाचणी झाली. तिथं जमिनीखाली अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पाइप पुरून त्यातून पाणी सोडत आणि बंद करत. पाणी चालू आहे की बंद, एवढंच सांगायचं. अटी आधी सगळ्यांना मान्य होत्या. निकाल नुसत्या अंदाजाच्या पुढं गेला नाही. आपल्याकडे तर हे सोपं आहे, पाइपलाइन कुणाच्या रानात नाही? फक्त एक सांभाळा. मोटार चालू-बंद केली तर आवाजावरून लहान पोरही ओळखेल. मोटार सतत चालू ठेवा आणि वॉल्व्ह फिरवून पाणी कधी चाचणीच्या पाइपात, कधी दुसऱ्या लाइनीत सोडा.

नंदीबैल विसरू नका

दारात नंदीबैल येतो. "पाऊस पडंल का?" विचारलं की मान हलवतो. मालकाच्या ढोलकीवर आणि दोरीवर हलते ती मान, हे आजीलाही माहीत असतं. पण चाचणी घेताना आपण नेमकं हेच विसरतो. बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्यानं गणितं सोडवून सगळ्यांना चक्रावून टाकलं होतं. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की घोडा विचारणाऱ्याचा चेहरा आणि मान वाचतो. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही येत नसे. त्यात मालकाची लबाडी नव्हती. त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता.

माझ्या मैदानावर तात्यांनी माझ्या आग्रहाखातर कॅन ओळखायला घेतले आणि सहापैकी तीन बरोबर सांगितले. टाळ्या पडल्या, माझं तोंड बघण्यासारखं झालं. रात्री मोबाइलवरचा व्हिडिओ बघताना कळलं: कॅन भरणारा आमचा विद्यार्थी समोरच उभा होता, आणि तात्या भरलेल्या कॅनजवळ आले की तो पोरगा श्वास धरून उभा राहायचा.

म्हणून पाणी कुठं आहे हे ज्याला माहीत, तो मैदानात नको. त्यानं वॉल्व्ह फिरवावा, वहीत लिहावं आणि दिसणार नाही असं बसावं. पाणाड्यासोबत फिरणाऱ्याला काहीच माहीत नसावं. वॉल्व्ह चालू की बंद हेही मनानं ठरवायचं नाही. नाणं उडवा नाहीतर तांब्यातून चिठ्ठी काढा. माणूस मनानं ठरवायला लागला की चालू-बंद-चालू-बंद अशी लय पकडतोच.

उघडी फेरी गाळणे

रँडी हे न चुकता करत. आधी पाणी चालू आहे असं सांगून, दाखवून, त्यावर बेचकी फिरवू द्यायची. ती झुकते. मग विचारायचं: आज जागा ठीक आहे ना? हवा, गर्दी, पाइप, कशाची अडचण? "काही नाही" असं उत्तर आलं की ते लिहून सही घ्यायची आणि मगच झाकलेली फेरी. हे केलं नाही तर "वरून विजेची तार गेलीय", "कुणीतरी अविश्वासानं बघत होतं" असं सगळं निकालानंतर निघतं.

बेचकी झुकते ती मात्र खरीच झुकते, हे लक्षात ठेवा. ताणून धरलेल्या काडीला मनगटाची बारीकशी हालचालही पुरते, आणि ती आपण केली हे माणसाला जाणवत नाही. याला विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच 'आयडिओमोटर' असं नाव दिलं होतं. त्यामुळे तात्यांना भोंदू म्हणणं ही आणखी एक चूक. निदान तात्यांच्या बाबतीत तरी.

पास किती मार्कांना, ते नंतर ठरवणे

चालू की बंद, अशा तीस फेऱ्या घेतल्या तर नुसत्या अंदाजानं पंधराच्या आसपास बरोबर येतात. अठरा आले तर गावात गुलाल उधळतील, पण त्यात विशेष काही नाही. चोवीस किंवा जास्त नशिबानं येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे. रँडींच्या पहिल्या फेरीची पातळीही साधारण तेवढीच, हजारात एक. आकडा आधी ठरवा.

पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी, अंनिसच्या मदतीनं, ज्योतिषाची चाचणी घेतली तेव्हा हेच केलं होतं. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका. हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती, एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी सेहेचाळीस टक्के बरोबर, म्हणजे नाणेफेकीच्या आसपासच.

इथं टीकाकारांचा एक मुद्दा मला पटतो. समजा एखाद्याला खरोखरच शंभरात साठ वेळा कळतं. तोसुद्धा या तीस फेऱ्यांत बहुधा नापासच होईल. बक्षिसाची चाचणी मोठे दावे पकडते. बारीक परिणाम शोधायला शेकडो फेऱ्या लागतात आणि ते प्रयोगशाळेचं काम. पण "शंभर टक्के पाणी लागणार" म्हणून पैसे घेणाऱ्याला तीस फेऱ्या पुष्कळ झाल्या.

लागलेले बोअर मोजणे

"माझ्या पॉइंटला दहापैकी सात बोअर लागले." असतील. पण त्याच शिवारात डोळे मिटून दहा खडे फेकले असते तर किती लागले असते? आपल्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या मुरमाड थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. जिथं असा थर पसरलेला आहे तिथं पॉइंट इकडं काढा की तिकडं. शिवाय ओढा कुठं, शेजाऱ्याची विहीर किती खोल, हे पाणाड्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि जिथं तो "इथं नाही" म्हणतो तिथं कुणी बोअर घेऊन बघतं का?

प्राध्यापक आहेत म्हणून निश्चिंत राहणे

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या एका विद्यापीठात मनःशक्तीच्या अभ्यासाला पाच लाख डॉलर मिळाले होते. रँडींनी तिथं दोन तरुण हातचलाखीवाले पाठवले. १९७९ पासून बराच काळ संशोधकांना ते सापडलेच नाहीत. पाण्याच्या चाचणीला नाही, पण चमचे वाकवणाऱ्या किंवा पाकिटातली चिठ्ठी वाचणाऱ्यासमोर एखादा जादूगार बसवाच.

जिवावर बेतणारं आव्हान मात्र देऊही नका, घेऊही नका. विष, साप, विस्तव काहीच नको. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

अनामत रकमेवरूनही वाद होतात. कोवूर ती घेत, म्हणजे गमतीखातर येणारे टळत. पण गरीब पाणाड्याला ती परवडणार नाही आणि "घाबरून पैसे मागितले" असा बोभाटा होईल. मी घेत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाइपलाइनवर नीट चाचणी घेतली. तात्या तीसपैकी सोळा. कागदावर दोघांच्या सह्या, आणि खाली "पाणाड्याचं म्हणणं" असा एक रकाना मुद्दाम ठेवला होता. तात्यांनी चष्मा लावून त्यात लिहिलं, "पाइप नवा होता." उघड्या फेरीनंतर "अडचण नाही" असं लिहून त्यांनी केलेली सही त्याच कागदावर वर आहे. दोन्ही तसंच ठेवलंय.