संगणकाचा घरगुती बॅकअप: बॅटरीइतकेच लक्ष वायरकडे द्या

संगणकासाठी घरी बॅकअप उभारायचा म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो बॅटरी किती मोठी घ्यायची हाच. तो हिशेब सोपा आहे. बॅकअप भरवशाचा आणि निर्धोक ठरतो तो मात्र वायर, लग (केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, जी बॅटरीला जोडतात) आणि फ्यूज यांच्यावर.

आधी हिशेब उरकून घेऊ. समजा संगणक १२० वॅट, मॉनिटर २५ आणि राउटर १० असा एकूण लोड १५५ वॅट आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास ऊर्जा मावते; पण बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातील निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असे धरायचे, म्हणजे हाती ७२० वॅट-तास, अर्थात साधारण साडेचार तास मिळतात. लेसर प्रिंटर या लाइनवर जोडू नये.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा घ्यावा आणि त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. वीज गेल्यावर संगणकाचा एसएमपीएस (आतील वीजपुरवठ्याचा डबा) पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरू शकतो; साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बदलायला त्याहून अधिक वेळ लागला, तर संगणक रीस्टार्ट होतो.

आता वायर. १५५ वॅटसाठी २३० व्होल्टच्या बाजूला एक अँपिअरही लागत नाही, पण तेवढ्याच लोडला १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १६ अँपिअर वाहतात आणि ८०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेने चालला, तर ८० च्या वर. म्हणून तेथे २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक केबल, शक्यतो एक मीटरच्या आत, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर १०० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. तेव्हा केबल पेटू नये म्हणून हा फ्यूज असतो.

माझा पहिला लग मी साध्या पकडीने दाबला होता. अर्ध्या तासात त्यावरचे स्लीव्ह मऊ पडले. लगला बोट लावता येत नव्हते, आणि दोन वितींवर तीच केबल थंड होती. दोष फक्त त्या एका जोडाचा होता. तेव्हापासून मी केबल लगच्या नळीइतकीच सोलतो, तांब्याची एकही तार कापली जाऊ देत नाही, क्रिम्पिंग टूलने (लग केबलवर घट्ट दाबून बसवणाऱ्या खास पकडीने) दाबतो आणि जोर लावून ओढून पाहतो. मग लोड चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक थेट बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरे लगवर टेकवतो. तेथे काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत.

जोडताना हातातील अंगठी, घड्याळ काढावे, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह जोडावे. शेवटच्या जोडणीला इन्व्हर्टरमधील कपॅसिटर भरताना ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून जागा हवेशीर हवी आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर हे काम करू नये. चार्जिंगचा प्रवाह १५ अँपिअरच्या आसपास ठेवावा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी तपासत राहावी. लिथियम बॅटरी वापरायची असेल, तर इन्व्हर्टरमध्ये तिच्यासाठी चार्जिंगची वेगळी सेटिंग असल्याखेरीज ती जोडू नये.

इन्व्हर्टरचे आउटपुट केवळ संगणकाच्या स्वतंत्र बोर्डाला द्यावे. ते घरातील सॉकेटमध्ये उलट कधीही घालू नये. ती वीज बाहेरच्या लाइनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. घराच्या मुख्य बोर्डातील बदल परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावेत. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग पोहोचलेले नाही असे समजून आधी ते दुरुस्त करून घ्यावे.

चाचणी घेताना इन्व्हर्टरचा प्लग उपटू नये, कारण त्याने अर्थिंगही तुटते. त्या लाइनचा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-खटका) खाली करावा. फाइली सेव्ह करून अर्धा तास संगणक चालवावा, बॅटरीचे व्होल्टेज टिपून ठेवावे आणि इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लगला हात लावून पाहावा. जो कोमट लागेल, तो कापून पुन्हा क्रिम्प करावा.