सारथीतल्या एप्सिलॉनची प्रत कशी काढावी

प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद. सारथी तारकासमूहातला एप्सिलॉन ऑरिगी हा तारा दर २७.१ वर्षांनी मंदावतो. मागचं ग्रहण २००९ ते २०११ चाललं, पुढचं २०३६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं ते लांबतं, कारण आड येते ती जोडीदार ताऱ्याभोवतीची धुळीची अवाढव्य चकती. नजर मात्र आत्तापासून तयार करा. ग्रहण नसतानाही हा तारा दशांश प्रतीने खालीवर होत असतो. ही चुळबुळ ओळखीची नसेल तर खरी उतरण कधी लागली ते कळणार नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून वर पाहा. ब्रह्महृदय (कॅपेला) या ठळक, पिवळसर ताऱ्याशेजारी तीन ताऱ्यांचा चिंचोळा त्रिकोण दिसेल. ब्रह्महृदयाजवळचं टोक एप्सिलॉन, पायाशी ईटा (प्रत ३.२) आणि झीटा (सुमारे ३.८). शिवाय दहाएक अंश दक्षिणेला आयोटा (२.७) हेरून ठेवा.

डोळ्यांना वीस मिनिटं अंधार द्या. मी टॉर्चला पतंगाचा लाल कागद लावते. मोबाईल खालीच ठेवते.

आता आयोटा आणि ईटा यांच्या तेजातल्या फरकाचे मनात पाच भाग करा. एप्सिलॉन आयोटाहून तीन भाग मंद वाटला, तर प्रत ३.०. ग्रहणात तो ३.८ पर्यंत उतरतो, तेव्हा ईटा आणि झीटाची जोडी धरायची. झीटावर फार विसंबू नका, तीही ९७२ दिवसांनी ग्रहण लागणारी जोडीच आहे.

आयोटा आणि झीटा नारिंगी आहेत. नारिंगी ताऱ्याकडे टक लावलं की तो आहे त्याहून उजळ भासतो, म्हणून नजर झरझर फिरती ठेवा. माझ्या मते सगळं कसब इथेच आहे.

वहीत तारीख, वेळ, प्रत, तुलनेचे तारे, चंद्र आणि धुरकं लिहा. मागचं पान आधी उघडू नका. कालचा आकडा वाचला की आज तोच दिसतो. नोंदी अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेला जरूर पाठवा, १९११ पासून ती हौशी निरीक्षकांच्या नोंदी जपते आहे.

जूनमध्ये सूर्यच त्या भागात असतो आणि पुढे पाऊस, म्हणून खंड पडणारच. ऑक्टोबरात एप्सिलॉन रात्री आठ-नऊच्या सुमारास ईशान्येला उगवतो. क्षितिजाजवळची हवा तारे मंद करते, तेव्हा तीसेक अंश वर येईपर्यंत थांबा, मगच आकडा लिहा.