लांबच्या शेडपर्यंत वायफाय नेताय? या चुका टाळा

“रेंज फुल दाखवतंय, पण नेट चालत नाही.” आवाराच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये किंवा वेगळ्या बांधलेल्या खोलीत घरचं वायफाय न्यायला निघालेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. त्यावर माझा प्रश्नही ठरलेला: रिपीटर कुठे लावलाय? आणि उत्तर येतं, “कुठे म्हणजे? शेडमध्येच!”

रिपीटर शेडमध्येच लावणं

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिपीटर स्वतः नेट तयार करत नाही, त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच पुढे पाठवतो. शेडमध्ये घरच्या राउटरचा सिग्नल मरतुकडा असेल, तर रिपीटरलाही तोच मरतुकडा सिग्नल मिळणार. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात, कारण फोन मोजतो तो समोरच्या भिंतीवरच्या रिपीटरचा सिग्नल. रिपीटर आणि घर यांच्यात काय रडगाणं चाललंय, ते त्या दांड्यांना माहीतच नसतं.

म्हणून खरेदीच्या आधी मोजा. वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या, रिपीटर बंद ठेवा आणि घरापासून शेडपर्यंत चालत जा. आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसेल. उणे ६७ किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर उत्तम, उणे ७५च्या पलीकडे गेलात की कुरकुर सुरू, उणे ८५ला आशा सोडा. (उणे ८० हा उणे ६०पेक्षा ‘मोठा’ म्हणून चांगला, असं समजणारे दर वेळी भेटतात. उलटं आहे.) रिपीटरची जागा तिथे, जिथे आकडा अजून चांगला आहे, म्हणजे बहुतेक वेळा घराच्याच शेडकडच्या खिडकीत.

तिथेही दुसरी मेख आहे. एकाच रेडिओचा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. माझं मत स्पष्ट आहे: रिपीटर पलीकडच्या खोलीसाठी असतो, पलीकडच्या इमारतीसाठी नाही. दोन इमारतींमधलं अंतर केबलने, फायबरने किंवा खास त्याच कामाच्या ब्रिजने (समोरासमोर बसवलेल्या दोन रेडिओंच्या जोडीने) पार करा आणि शेडमध्ये गेल्यावर वायफाय सोडा. हे ऐकून “एवढं कशाला, काहीतरी सोपं सांगा ना” म्हणणारे काही महिन्यांनी तीन रिपीटर घेऊन परत येतात.

मोठ्या अँटेनाचा राउटर आणणं

आठ अँटेनांचा राउटर दिसायला रुबाबदार असतो. पण वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. राउटरचा सिग्नल शेडपर्यंत पोचला, तरी तुमच्या फोनचा इवलासा रेडिओ परत घरापर्यंत पोचायला हवा ना? पोचत नाही, आणि मग पुन्हा तेच: रेंज आहे, नेट नाही.

शिवाय खरा शत्रू अंतर नसतोच. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, एवढंच. भिंती, ओली पानं आणि सगळ्यात वाईट म्हणजे पत्रा, हे जास्त खातात. चारही बाजूंनी पत्र्याची शेड असेल तर बाहेर कितीही जोर लावा, आत काही येत नाही. उपकरण बाहेरच्या अंगाला लावायचं, केबल आत घ्यायची आणि आत वेगळा ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर सोडणारं उपकरण) ठेवायचा.

जुना राउटर तसाच जोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती करणारा माणूस बाकी सगळं नीट करतो.

एका मित्राने वर्कशॉपपर्यंत केबल फार सुबक टाकली. पाइपातून, क्लिपा मारून, अगदी बघत राहावं अशी. टोकाला घरात पडलेला जुना राउटर लावला, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या भोकात) खोचली. वर्कशॉपमध्ये नेट सुरू. समाधान.

मग काही दिवसांनी घरातलं नेट बिघडलं. सगळं नाही, आणि तीच तर गंमत. लॅपटॉप चालतोय, टीव्ही बंद. सकाळी मुलीचा फोन चालला, संध्याकाळी बाहेरून आली तर बंद. प्रिंटर मधूनच गायब. त्याने नेट देणाऱ्यांना फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी येऊन राउटर बदलून दिला. फरक शून्य. हा रोज राउटर रीस्टार्ट करायचा. रीस्टार्ट केला की घरातली सगळी उपकरणं एकदम नव्याने जाळ्यातला पत्ता (आयपी) मागायची आणि आणखी काही वाट चुकायची. केबलवर त्याचा संशय जाईना, कारण “वर्कशॉपचं तर मस्त चाललंय!”

मी चालत नसलेला फोन हातात घेतला आणि वायफायच्या तपशिलात गेटवे, म्हणजे ज्या राउटरमार्फत नेटकडे जायचं त्याचा पत्ता, पाहिला: १९२.१६८.०.१. शेजारच्या चालत्या लॅपटॉपवर: १९२.१६८.१.१. घरचा राउटर दुसरा. मग पहिला कोण? वर्कशॉपमधला म्हातारा. त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सेवा, चालूच होती, त्यामुळे घरात कुणीही पत्ता मागितला की दोन राउटर उत्तर द्यायला धावायचे, आणि जो आधी पोचेल त्याचं उपकरण ऐकायचं. म्हाताऱ्याचं ऐकलेल्याला रस्ता मिळायचा, पण तो रस्ता इंटरनेटकडे जातच नव्हता. वर्कशॉपची केबल उपटली, फोनचं वायफाय बंद करून चालू केलं, नेट आलं.

उपाय किरकोळ आहे. जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता घरच्या मालिकेतला पण मोकळा ठेवा (घरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि हा पत्ता घरचा राउटर दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना ते बघा), डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्येच लावा. हे सगळं घरी टेबलावर बसून, लॅपटॉप जोडून करायचं. शेडमध्ये उकिडवं बसून नाही. मी तर नवा पत्ता मार्करने राउटरच्या पाठीवर लिहून टाकतो. दोन वर्षांनी तो कुणालाच आठवत नाही.

केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या भोकात) लावली तरी नेट चालतं, हे खरं. पण मग शेडचं वेगळं जाळं तयार होतं आणि तिथला कॅमेरा किंवा प्रिंटर घरातून सापडत नाही. “चालतंय ना, राहू दे” म्हणणाऱ्यांनी कॅमेरा लावायच्या दिवशी मला फोन करू नये.

घरातली केबल बाहेर टाकणं

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी धरून. त्याच्या आत असाल तरी केबल कुठली, हे महत्त्वाचं. घरात वापरायची साधी पीव्हीसी वेष्टणाची केबल उन्हात कडक होऊन तडकते. बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिइथिलीन वेष्टणाची घ्या.

आणि रीळ घेण्याआधी एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते पटकन तुटतं, त्याचा रोध जास्त, आणि त्याच केबलमधून उपकरणाला वीज द्यायची असेल तर टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज गळतं. स्वस्त का मिळाली, ते असं कळतं.

पाणी दुसरं. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील. बाहेरच्या उपकरणाचं झाकण उघडं ठेवलं तर पाणी वेष्टणाच्या आतून केबलभर प्रवास करतं. खोलीतल्या नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये हिरवी बुरशी आल्यासारखे गंजलेले पिन मी पाहिलेत, आणि छत तर कोरडं ठणठणीत होतं.

दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर मधे तांबं टाकायला मला आवडत नाही. वीज थेट केबलवर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. खणणार असालच तर फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही आणि १०० मीटरचं बंधनही सुटतं. तयार कनेक्टर बसवलेली केबल घ्या, जोड मारायच्या यंत्राच्या फंदात पडू नका. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात खोचू नका, तो बसतो पण जुळत नाही. एकाच धाग्यावरचे कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) नेहमी जोडीने येतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५०वर ऐकतो, दुसरा उलटं. दोन्ही टोकांना सारखेच लावले तर मुक्याने बसून राहतात. पाइप जाडच टाका आणि आत एक दोरी सोडून ठेवा.

ब्रिज लावताना

खणणं शक्य नसेल तर समोरासमोरचे, एकाच दिशेला सिग्नल फेकणारे दोन ब्रिज हाच मार्ग, आणि मला तो आवडतोही. फक्त “समोरचं दिसतंय” एवढ्यावर भागत नाही. दोघांमधली लाट मधोमध फुगते: ५.८ गिगाहर्ट्झवर १०० मीटर अंतर असेल तर मध्यावर सुमारे १.१ मीटर त्रिज्येची. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. झाडाच्या फांदीखालून डोळ्याला वाट दिसत असेल, रेडिओला नाही.

जोडी आधी टेबलावर जुळवा, मग चढवा. हलणाऱ्या पाइपावर बसवू नका. अंतर कमी असेल तर पॉवर उतरवा. मी आकडा उणे ५० ते ६०च्या आसपास ठेवतो. नवशिके पॉवर शेवटपर्यंत नेतात आणि समोरचा रेडिओ बधिर करतात. लिंक अचानक जाऊन मिनिटाभराने आपोआप येत असेल, तर चॅनेल बघा. ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की उपकरणाला तो चॅनेल सोडावा लागतो आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं.

ज्या उपकरणाचा पीओई इंजेक्टर (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा डबा) त्यालाच लावायचा. काही २४ व्होल्टचे पॅसिव्ह असतात, काही ४८ व्होल्टचे; प्लग मात्र सगळ्यांचे सारखे. इंजेक्टरवर ‘पीओई’ लिहिलेलं भोक ब्रिजकडे, ‘लॅन’ लिहिलेलं राउटरकडे. उलटं लावलंत तर ब्रिज नुसता चालू होणार नाही यावर समाधान माना. राउटरचा पोर्टही जाऊ शकतो.

बाकीच्या

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टर शेडला वेगळा मीटर किंवा वेगळा फेज असेल तर बहुधा रुसतात. ते सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.

घर आणि शेडच्या वायफायचं नाव, पासवर्ड एकच ठेवला तरी चालतं. चॅनेल मात्र वेगवेगळे, २.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११, मधले नकोत.

नेट हळू वाटलं की लगेच स्पीड टेस्ट लावू नका. शेडमधून आधी घरच्या राउटरला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. उत्तरं सलग आणि झटपट येत असतील तर मधला दुवा ठीक आहे, घोडं पलीकडे कुठेतरी पेंड खातंय. आणि गिगाबिटची केबल १०० मेगाबिटवरच जुळत असेल तर राउटरला शिव्या देण्याआधी दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप करा. बहुतेक वेळा आठातली एखादी तार कनेक्टरच्या तळापर्यंत पोचलेली नसते.