जुन्या मसल कारवर बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी हेडर कसे बसवावेत

१९६० च्या दशकातल्या कुठल्याही अमेरिकी मसल कारचे (मोठे, जोरदार इंजिन बसवलेल्या गाडीचे) बॉनेट उघडले की व्ही-८ इंजिनाच्या दोन्ही अंगांना गंजाने तांबूस झालेले, जाडजूड बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणारे भाग, दिसतात. ते कारखान्याने विचारपूर्वक निवडलेले असत, कारण बीड ओतायला स्वस्त पडते, आवाज दाबून ठेवते, उष्णतेने सहसा फाटत नाही आणि फारच थोडी जागा घेते. त्यांचा दोष एकच, पण मोठा आहे. चारही सिलिंडरचा जळका वायू एका आखूड पोकळीत एकदम येऊन मिसळतो आणि एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो.

शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक (आकाराने लहान व्ही-८) इंजिनात हे फार स्पष्ट दिसते. त्याचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम क्रमांकाचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला असतात, म्हणजे ५ आणि ७ हे शेजारी-शेजारी असलेले सिलिंडर एकापाठोपाठ एक पेटतात आणि दोघांच्या स्फोटांत क्रँकशाफ्टच्या फक्त ९० अंशांचे अंतर राहते. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी मिळते आणि चार नळ्या पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. वायूच्या दाबाची लाट नळीच्या टोकाशी पोचली की तिथून कमी दाबाची लाट मागे फिरते, आणि ती एक्झॉस्ट व इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असताना सिलिंडरपाशी पोचली, तर उरलेला जळका वायू ओढून बाहेर काढते. म्हणूनच मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि लहान कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनाला हेडरचा लाभ बेताचाच होतो. कॅम, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) आणि कार्ब्युरेटर आधीच सुधारलेले असतील तर मात्र तोच लाभ पायाखाली चांगला जाणवतो. ही गोष्ट खर्च करण्याआधी स्वतःशी नीट ताडून पाहावी.

पुढे मी उदाहरण म्हणून ३५० घन इंचांचे स्मॉल ब्लॉक घेतो. १९६७ च्या कमॅरोमधून ते प्रथम बाजारात आले आणि नंतर शेवरोलेच्या अनेक गाड्यांत बसले. फोर्ड किंवा क्रायस्लरच्या इंजिनांवर कामाची पद्धत तीच राहते, फक्त मापे आणि अडचणीच्या जागा बदलतात.

हेडर निवडताना लांब नळ्यांचे की आखूड, हा पहिला प्रश्न येतो. आखूड हेडर बसवायला सोपे असतात आणि जमिनीपासून उंच राहतात, पण वर सांगितलेला ओढीचा परिणाम त्यांच्यात कमी मिळतो. लांब नळ्यांचे हेडर खरे काम करतात, परंतु ते स्टीअरिंग बॉक्स, क्लचची दांडी, स्टार्टर आणि ऑइल फिल्टर यांच्यामधून वाट काढत खाली उतरतात आणि गाडी खाली बसवलेली असेल तर गतिरोधकावर घासतात. बेताच्या ३५० इंजिनाला १ ५/८ इंच, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या पुरतात. जोरदार कॅम आणि मोठी हेड असतील तर १ ३/४ इंचांचा विचार करावा. मोठी नळी म्हणजे जास्त ताकद असा समज सर्वत्र आहे, पण लहान इंजिनाला अतिमोठी नळी दिल्यास वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवरची ओढ जाते. फ्लँज (हेडला बोल्टने जोडला जाणारा जाड पत्रा) ३/८ इंच जाडीचा असेल तर तो तापून सहसा वाकडा होत नाही, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते इथे वाचवू नयेत. साध्या पोलादाच्या हेडरवर सिरॅमिकचा थर दिलेला घ्यावा. उष्णता अडवण्यासाठी नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण ती पट्टी ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाच्या नळ्या सडवते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी ती वापरत नाही.

कायद्याकडेही आधीच पाहून ठेवावे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, पण १९७६ पासूनच्या गाडीवर त्या राज्याच्या हवा मंडळाची मान्यता मिळालेलेच हेडर चालतात. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि आवाजाचे नियम तर सगळ्याच गाड्यांना लागू होतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी, गाडी सपाट जागी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. बोल्ट खोलण्याच्या आदल्या दिवशी, आणि शक्य असल्यास दोन-तीन वेळा, प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून मुरू द्यावे. शेवरोलेच्या मूळ बोल्टांखाली पत्र्याची पट्टी असते आणि तिचे टोक बोल्टच्या माथ्यावर दुमडलेले असते. ती छिन्नीने आधी सरळ केली नाही तर सॉकेट बोल्टवर पूर्ण बसतच नाही आणि कोपरे गोल होतात. बोल्ट ३/८ इंचांचे असले तरी त्यांचा माथा ९/१६ इंचांचा असतो, आणि त्यासाठी सहा कोनांचे सॉकेट वापरावे, बारा कोनांचे नव्हे.

इथे घाई अजिबात करू नये. एका १९७० च्या शेवरोले शेवेलवर आठव्या सिलिंडरमागचा शेवटचा बोल्ट मी दम न खाता ओढला होता. सुरुवातीला तो दगडासारखा घट्ट होता. मग अचानक पाना मऊ, रबरासारखा फिरू लागला, टक् असा काहीच आवाज आला नाही, आणि दुसऱ्याच क्षणी बोल्टचा माथा माझ्या हातात होता. सुटणारा बोल्ट आधी टक् करतो आणि मग मोकळा होतो. तुटणारा बोल्ट मात्र पिळत जातो. तो मऊपणा हाताला जाणवला की तिथल्या तिथे थांबावे, बोल्ट थोडा उलट, म्हणजे घट्ट करण्याच्या दिशेने ढकलावा, पुन्हा तेल सोडावे आणि मॅनिफोल्डचा बोल्टभोवतीचा भाग तापवावा. त्यावेळी मी हे केले असते तर तुटलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढण्यात अख्खा दिवस गेला नसता.

मॅनिफोल्ड निघाल्यावर ते भंगारात देऊ नयेत. त्यांच्यावर ओतकामाचा क्रमांक आणि तारखेचा कोड असतो, आणि गाडी पुढे कधी मूळ रूपात आणायची झाली तर तेच मॅनिफोल्ड शोधून मिळणे अवघड जाते. तेल लावून, गुंडाळून ठेवावेत.

आता हेडच्या तोंडावरचे जुने गॅस्केट आणि काजळी खरवडून काढावी. कामात पोर्टमध्ये चिंध्या कोंबून ठेवल्यास कचरा व्हॉल्व्हपर्यंत जात नाही, पण शेवटी त्या मोजून बाहेर काढाव्यात. बोल्टच्या भोकांत ३/८-१६ आट्यांचा चेझर (जुने आटे साफ करणारे हत्यार) फिरवून आटे साफ करावेत आणि नवे बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरतात का ते पाहावे. क्रायस्लरच्या ३१८, ३४० आणि ३६० इंजिनांत शेवटची काही भोके पाण्याच्या वाटेपर्यंत उघडी असतात. तिथे आट्यांवर सीलंट लावले नाही तर कूलंट गळतो. हेडरचा फ्लँजही सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तपासावा, कारण नवा माल वाकडा नसतो असे गृहीत धरता येत नाही.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात: गॅस्केट न लावता दोन्ही हेडर एकदा नुसते बसवून पाहावेत. ड्रायव्हरच्या बाजूचा हेडर बहुधा खालून वर ढकलावा लागतो; जागा मिळत नसेल तर त्या बाजूच्या इंजिन माउंटचा बोल्ट काढून लाकडाचा ठोकळा ठेवलेल्या जॅकने इंजिन इंच-दीड इंच उचलावे. उचलताना डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) आणि पंखा श्राउडला (त्याच्याभोवतीच्या आवरणाला) टेकत नाही, हे कुणीतरी वरून पाहत राहावे. हेडर जागी बसल्यावर आठही स्पार्क प्लग हाताने लावून बघावेत, प्रत्येकावर सॉकेट जाते का आणि प्लगच्या वायरचा बूट नळीपासून दूर राहतो का ते तपासावे. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, क्लच दाबून दांडी मोकळी हलते का ते पाहावे, डिपस्टिकची नळी, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या व स्टार्टरची तार यांच्याभोवती बोटभर तरी मोकळी जागा ठेवावी. इंजिन चालू असताना माउंटवर हलते, म्हणून उभ्या गाडीत जेमतेम न टेकणारी नळी रस्त्यावर हमखास घासते.

स्मॉल ब्लॉकच्या स्टार्टरची जागा प्रवाशाच्या बाजूला, नेमकी हेडरच्या कुशीत येते. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होत नसेल, स्टार्टर जड आणि हळू फिरत असेल, तर तो याच उष्णतेचा परिणाम असतो. उष्णतारोधक पत्रा किंवा गिअर रिडक्शनचा लहान स्टार्टर आताच बसवून घेतला तर पुढे हेडर पुन्हा उतरवावा लागत नाही.

सगळे जुळल्याची खात्री झाली की गॅस्केट लावावे. स्मॉल ब्लॉकमध्ये मधले दोन एक्झॉस्ट पोर्ट अगदी लगत असतात, त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी अरुंद असते, आणि तिथेच सर्वाधिक उष्णता साठते. म्हणून कागदी गॅस्केट त्या जागी जळते आणि धातूच्या पत्र्याचे अनेक थर असलेले किंवा ग्रॅफाइटचे गॅस्केट टिकते. गॅस्केटचे भोक पोर्टपेक्षा लहान असू नये. बोल्टच्या आट्यांवर उच्च उष्णता सहन करणारे अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण) लावावे आणि माथा लहान असलेले हेडरचे बोल्ट वापरावेत, कारण नळीच्या वळणाआड ९/१६ चे सॉकेट जात नाही. सहाही बोल्ट आधी हाताने लावावेत, मग मधल्या दोघांपासून बाहेर जात दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करावेत. शेवटचा ताण सुमारे २५ फूट-पौंड, म्हणजे ३४ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. हेडर किंवा गॅस्केट बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. मागच्या बोल्टावर टॉर्क पाना जात नाही. तिथे साध्या पान्याने पाव-पाव फेरा द्यावा लागतो आणि इतर बोल्टांवर हाताला आलेला ताण लक्षात ठेवून अंदाज बांधावा लागतो.

मूळ मॅनिफोल्डवर काही जोडण्या असतात, त्या मागे राहू देऊ नयेत. इनटेक मॅनिफोल्डकडे गरम वायू वळवणारा हीट रायझर व्हॉल्व्ह निघाल्यामुळे तो मॅनिफोल्ड थंड राहतो आणि त्यावर बसवलेला चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) उशिरा उघडतो. मॅनिफोल्डमधून गरम हवा घेणारा चोक असेल तर तो उघडतच नाही. इलेक्ट्रिक चोक बसवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. काही गाड्यांत ऑल्टरनेटरचा कंसही मॅनिफोल्डलाच धरलेला असतो, त्यासाठी वेगळा कंस लागतो. कलेक्टर आणि पुढचा पाईप जोडताना पाईपचे वजन हेडरवर लटकत ठेवू नये, हँगरवर घ्यावे. पाईप वेल्ड करून घेणारच असाल तर कलेक्टरच्या मागे ऑक्सिजन सेन्सरसाठी आट्यांचा एक बंगही (सेन्सर बसवायचे वेल्ड केलेले भोक) लावून घ्यावा.

इंजिन सुरू करण्याआधी गळती तपासण्याची सोपी पद्धत अशी: व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी नळी टेलपाईपला लावावी, कापडाने फट बंद करावी आणि फ्लँज व कलेक्टरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बारीक गळतीतून मोहरीएवढे बुडबुडे रांगेने वर येतात आणि थांबत नाहीत. बोल्ट किंचित आवळला की ती रांग तुटते. इंजिन गरम असताना जे शोधायला तास लागतो, ते असे दोन मिनिटांत हाती येते.

पहिल्यांदा इंजिन दारे उघडी असलेल्या जागेतच सुरू करावे, कारण नळ्यांवरचे तेल आणि थर जळून बराच धूर होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग सगळे बोल्ट पुन्हा ताणून पाहावेत; गॅस्केट दबल्यामुळे ते हमखास सैल झालेले असतात. शंभर मैलांनी आणि पुन्हा पाचशे मैलांनी हेच करावे. थंड इंजिनात टिक-टिक ऐकू येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर फ्लँजपाशी गळती आहे, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाईपमध्ये फटाफट आवाज येत असेल तर कुठल्यातरी सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जात आहे.

हेडर लागल्यावर इंजिन जास्त हवा ओढते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (इंधन मोजून सोडणाऱ्या भोकांवर) मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. बहुधा मुख्य जेट एक-दोन आकड्यांनी वाढवावे लागतात; आधी लावून ठेवलेल्या बंगमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बसवून पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा-इंधनाचे प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान येईपर्यंत जेट बदलावेत. ही जुळणी पूर्ण होईपर्यंत मी गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर फक्त मोजणीपुरती, थोड्या सेकंदांसाठीच नेतो, आणि प्रत्येक फेरीनंतर प्लगच्या वायरींचे बूट नळ्यांना चिकटून वितळलेले नाहीत ना, ते टॉर्च घेऊन एकेक पाहतो.