आर्द्रा लागायच्या आत कुंडी उचलून तळ पाहा

मृगाचे दोन शिंतोडे पडले की पुण्यात रोपवाटिकांसमोर गाड्या थांबू लागतात. तुळस, मोगरा, कढीपत्ता, मिरचीची दोन रोपं, चार प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि मातीची एक गोणी घरी येते. पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांचा हा उत्साह मला मनापासून आवडतो. म्हणूनच जुलैच्या मध्यावर येणारे फोन ऐकवत नाहीत. "रोज पाणी घालतोय, तरी झाडानं मान टाकलीय, काय फवारू?" काही फवारू नका. आधी कुंडी उचलून तळाचं भोक पाहा.

आर्द्रा 21-22 जूनला लागते. त्याआधी प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओता. मिनिट-दोन मिनिटांत ते तळातून वाहायला लागलं पाहिजे. वाहिलं नाही, तर ती कुंडी पावसात ठेवायच्या लायकीची नाही.

पुण्याचा पाऊस मापानं फार नाही, वर्षाला साधारण 700 मिलिमीटर. पण जुलैत तो आठ-आठ दिवस झिमझिमत राहतो, ऊन दिसत नाही आणि माती सुकायला उसंतच मिळत नाही. कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता या पश्चिमेच्या बाजूला हे जास्त, हडपसर-वाघोलीकडे कमी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं सुकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी एक मग ओततो. झाड तिथंच संपतं.

मागच्या पावसाळ्यात धायरीला एका ताईंच्या गॅलरीत गेलो होतो. वीसेक कुंड्या, सगळ्या पिवळ्या पडलेल्या. खिडकीत बाटल्यांची रांग: मुळं वाढवणारं औषध, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं. पानं पिवळी दिसताहेत असं सांगितलं की दुकानदार दर खेपेला एक नवी बाटली हातात देई. मी तुळशीची कुंडी आडवी करून मुळांचा मातीसकट गड्डा बाहेर काढला, तर गटारासारखा वास आला. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल बोटांत राहिली आणि आत नुसता दोरा उरला. कुंडी उलटी केली. तळाला चार भोकांच्या गोल खुणा होत्या, भोक एकही पाडलेलं नव्हतं. नव्या प्लॅस्टिकच्या कुंड्या अनेकदा अशाच येतात. जाड खिळा किंवा जुना स्क्रूड्रायव्हर तापवून भोकं तुम्हालाच पाडावी लागतात. करंगळी जाईल एवढी चार-पाच.

भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा, तेवढा पुरे. तळाशी चार बोटं खडी भरायची पद्धत सोडा. खडीवरच्या मातीत पाणी तसंच धरून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते.

दुसरा घात बशीचा. खालच्या मजल्यावरून तक्रार येते म्हणून कुंडीखाली बशी ठेवतात. तक्रार रास्त आहे, पण भरलेल्या बशीत बसलेली कुंडी म्हणजे भोक नसलेलीच कुंडी. बशीत विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी त्यावर बसवा आणि बशी रोज रिकामी करा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंगीचे डासही तयार होतात, हेही लक्षात असू द्या.

माती: पोयटा (नदीकाठची गाळाची माती) किंवा लाल माती 2 भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत 1 भाग, विटांचा चुरा किंवा जाड वाळू 1 भाग. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसाळ्यात हात राखूनच, ते पाणी धरून ठेवतं. गच्चीवर वजन नको असेल तर तळाशी सुका पालापाचोळा आणि रसवंतीचं वाळलेलं चिपाड भरा. ते कुजून खाली बसतं, तेव्हा महिन्याभरानं वर मातीची भर घाला.

रोपवाटिकेतलं रोप पुष्कळदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. तो गोळा तसाच लावला तर भोवतीची माती कितीही चांगली असो, पाणी त्या गोळ्यातच मुरून राहतं. कडेची माती बोटांनी मोकळी करून मगच लावा.

आत्ता लावा (कंसात वाणाचं नाव): भेंडी, गवार, दोडका (फुले सुचेता), काकडी (हिमांगी), मिरची (फुले ज्योती), झेंडू, गवती चहा. अळू मात्र गच्चीचं पाणी जिथं वाहून येतं तिथं लावा, त्याला ओल चालते.
थांबा: मेथी, पालक, कोथिंबीर. पाऊस ओसरल्यावर.
आडोशाला घ्या: तुळस, कढीपत्ता, निवडुंग, ॲडेनियम.
इतर कामं: वेलांना मांडव, आठवड्याला तण, रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचणं, पिवळी पानं काढणं.

औषधांचं थोडक्यात. ट्रायकोडर्मा ही मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी; ती घ्या, पाकिटावरची मुदत पाहून. किलोभर शेणखतात 10 ग्रॅम कालवून मातीत मिसळा, किंवा लिटरला 5 ग्रॅम पाण्यात घालून बुंध्याशी ओता. मर (झाड अचानक सुकण्याचा रोग) दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम बुंध्याशी ओततात. पण ते आणि ट्रायकोडर्मा एकत्र नको, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, आणि खायच्या पालेभाजीवर ते वापरू नका. मावा, पिठ्या ढेकूण या किडींसाठी 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर करा आणि उघडीप बघून संध्याकाळी फवारा. बाकी बाटल्या राहू द्या. भोक बुजलेल्या कुंडीतल्या कुजक्या मुळांना कुठलंही टॉनिक लागू पडत नाही.

पाणी कधी घालायचं? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर नाही. मातीच्या कुंडीला मी बोटाच्या टिचकीनं वाजवून बघतो. टणटण वाजली तर कोरडी, बद्द आवाज आला तर ओली. हे कुठल्या शिफारशीत नाही, पण अंदाज सहसा चुकत नाही.

आणि झाडानं आजच मान टाकली असेल, तर उद्यावर ढकलू नका. गड्डा बाहेर काढून वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन तास ठेवा. काळी, मऊ मुळं कात्रीनं कापा, पांढरी राखा. शेंड्याकडून तिसरा हिस्सा छाटा. नव्या मोकळ्या मातीत लावून एकदाच पाणी द्या आणि उजेड येईल पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नाही.