बांगलादेशचा शर्ट स्वस्त का पडतो, हे कागदावर कसं तपासायचं

सोलापूरचे गणवेशवाले मला नेहमी विचारतात, "ताई, ढाक्याचा माल एवढ्या भावात परवडतो कसा?" मी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात एका कस्टम ब्रोकरकडे कागदपत्रं बघते. मजुरीचं नंतर बघू, आधी एचएसएन कोड काढा, म्हणजे मालाचा तो वर्गीकरण क्रमांक, ज्यावरून शुल्क ठरतं. मागावर विणलेल्या कापडाचा शर्ट चॅप्टर 62 मध्ये, होजिअरीचा टी-शर्ट 61 मध्ये.

मग शुल्क मांडा. भारत आणि बांगलादेश दोघेही 'साफ्टा'चे, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचे सदस्य. करार 2006 पासून लागू आहे, पण तयार कपड्यांवर खरा घाव बसला नोव्हेंबर 2011 मध्ये. बांगलादेशसारख्या अल्पविकसित सदस्य देशांसाठी भारताने दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू सोडून बाकी मालाचं शुल्क शून्यावर आणलं. चिनी शर्टावर बीसीडी, म्हणजे मूळ आयात शुल्क, साधारण 20 टक्के, त्या रकमेवर 10 टक्के अधिभार, म्हणजे शंभराच्या मालाला बावीस रुपये. ढाक्याच्या शर्टाला दोन्ही माफ. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, मात्र दोघांनाही. हे बावीस रुपये तुमच्या कॉस्टिंगशेजारी लिहा. तुमचा नफा त्याहून कमी असेल तर भावात भिडू नका, मापं आणि वेळेवर डिलिव्हरी यावर भिडा.

तुम्ही स्वतः तिथून माल आणणार असाल तर पुढचं नीट वाचा. कापड चीनचं आणि शिलाई बांगलादेशची असेल तरी सवलत मिळू शकते, पण एफओबी किमतीत, म्हणजे तिथल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत, निदान 30 टक्के मूल्य तिथलं हवं. शर्ट 400 रुपयांचा, बाहेरचं कापड-बटणं 250 ची, तर तिथले 150, म्हणजे साडेसदतीस टक्के. पास. तेच सामान 300 चं झालं की 25 टक्के, सवलत गेली. तिथल्या एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरोचा ओरिजिन दाखला, म्हणजे माल तिथलाच असल्याचा दाखला, हातात आला म्हणून निश्चिंत होऊ नका. सप्टेंबर 2020 पासून 'कॅरोटार', म्हणजे माल कुठला हे तपासण्याच्या भारतीय कस्टमच्या नियमांनुसार हा हिशेब आयातदारानेच जवळ ठेवायचा, तोही पाच वर्षं. अधिकाऱ्याने विचारलं की दहा कामाच्या दिवसांत उत्तर. पुरवठादार "फॅक्टरीचं गुपित" म्हणून आकडे देत नसेल तर ऑर्डरच देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भाडं विसरू नका. मे 2025 पासून बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून येत नाहीत. फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतून येतात. जुन्या ट्रकभाड्यावर कोणी भाव सांगत असेल तर कोटेशन नव्याने मागवा.