बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा फ्यूज आणि आयसोलेटर

दिवा बंद केल्यावरही काही मिनिटे फिरत राहणाऱ्या टायमरच्या फॅनला न्यूट्रलखेरीज दोन फेज लागतात, एक कायमची आणि एक दिव्याच्या स्विचमधून येणारी, हे आयसोलेटर (दुरुस्तीच्या वेळी फॅनचा वीजपुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) निवडताना माझ्या ध्यानात आले नव्हते. मी बसवलेला दोन पोलचा आयसोलेटर न्यूट्रल आणि कायमची फेज तेवढी तोडत होता. तो बंद करूनही फॅनच्या टर्मिनलवर टेस्टर पेटला, कारण दिवा चालूच होता. मग बाथरूमबाहेर, दाराच्या वर, तिन्ही वायर एकदम तोडणारा तीन पोलचा आयसोलेटर लावला. फॅनच्या पत्रकात सांगितलेला ३ अँपिअरचा फ्यूज दोन्ही फेज वेगळ्या होण्याआधीच घातला (तो उडाला की दिवाही जातो, ही गैरसोय मला मान्य आहे). जोडणी मात्र एमसीबी बंद करून, मीटरने तपासल्यावरच केली.